दादांना दिग्दर्शक म्हणून बघ

भोर,
रविवार

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र पोचलं. हंगेरीचे दिग्दर्शक बेला टार यांच्या लांबच लांब शॉटांवर तू भरभरून लिहिलंस, वाचून फार बरं वाटलं. शेवटची ओळ मात्र लागली: 'मामा, आपल्या भागात कुठला आलाय दिग्दर्शक!'

अगं, दादा कोंडके आपल्या भोर तालुक्यातल्या इंगवलीचे. १९३२ साली जन्म झाला तो मुंबईत, नायगावला. भोर-वेल्ह्याच्या घराघरांतली माणसं तेव्हा पोटासाठी गिरणगावात होती. पुढे दादांच्या सिनेमाला गर्दी केली ती त्याच माणसांनी, आणि इकडे जत्रेतल्या तंबूत बसलेल्या त्यांच्या घरच्यांनी.

सेवा दलाच्या कलापथकात आणि वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात दादांनी प्रेक्षक वाचायला शिकून घेतलं. कुठे थांबलं की हशा येतो, तो ओसरायच्या आत पुढचं वाक्य कसं टाकायचं, हे त्यांना अंगानं कळत होतं. भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून १९६९ साली ते पडद्यावर आले. १९७१ चा 'सोंगाड्या' त्यांनी काढला, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये त्याला जागा मिळेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, हे तू ऐकलं असशीलच.

दादा स्वतः दिग्दर्शक झाले ते १९७५ च्या 'पांडू हवालदार'पासून. तो नीट बघ. अशोक सराफांच्या लाचखाऊ हवालदाराला दादा किती मोकळी जागा देतात! नायकच दिग्दर्शक आणि निर्माताही असताना हे सोपं नसतं. वगातल्यासारखी सवाल-जवाबाची लय त्यांनी पडद्यावर जशीच्या तशी धरली. त्यांच्या इतर सिनेमांतला लोंबत्या नाडीच्या चड्डीतला भोळा गडी सगळ्यांकडून नाडला जातो आणि तरी शेवटी उभा राहतो. आपल्याकडच्या माणसांना त्यात आपलं माणूस दिसलं. सलग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले ते काही नुसत्या चावट संवादांवर नाही. नंतरच्या हिंदी चित्रपटांत चावटपणाच उरला, हे मला मान्य आहे आणि त्याचं वाईटही वाटतं. पण त्यावरून आधीचं काम मोडीत काढणं अन्यायाचं आहे.

वर्षअखेरीच्या निबंधाला विषय शोधते आहेस ना? टार यांच्यावर जगभर लिहिलं जातंय. तू दादांच्या दिग्दर्शनावर लिही. दिवाळीत ये, इंगवलीला मी नेतो.

तुझा,
मामा