पाणी किती दिवसांनी येतं?

प्रश्न मुलीच्या आईने विचारला होता आणि तोही अगदी सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. “तुमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं?” भावाच्या स्थळासाठी पुण्याहून पाच माणसं जुळे सोलापुरातल्या आमच्या माहेरी घर बघायला आली होती. आईला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, “चार दिवसांनी. उन्हाळ्यात कधी पाच होतात. पण खाली हौद आहे, वर टाकी आहे, काही कमी पडत नाही.” मुलीच्या आईने मान हलवली. मग बोलणं देण्याघेण्यावर गेलं, कार्यालय कुठलं धरायचं इथपर्यंत गेलं. चौथ्या दिवशी मध्यस्थांचा फोन आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका दोन महिन्यांपूर्वीच जुळली होती. जुळली म्हणून तर माणसं घरी आली होती.

या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलं, तरी ती मनातून जात नाही.

भाऊ तेव्हा एकतीस वर्षांचा होता. चार वर्षं पुण्यात नोकरी करून तो आपणहून परतला आणि शाळेच्या गणवेशांचं छोटं शिवणयुनिट त्याने काढलं. सोलापूरची चादर आणि टॉवेल सगळ्यांना माहीत आहेत. गणवेश शिवणाऱ्यांचं हे गाव आहे, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याच्याकडे चौदा बायका काम करतात. दारात गाडी आहे, कर्ज फिटत आलंय. मुलीच्या वडिलांनी हे सगळं विचारलं, त्यांना ते पटलंही. नापास झालं ते गाव.

हे गाव लहान नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख भरली होती. एकेकाळी इथे गिरण्यांच्या भोंग्यांवर घड्याळं लावली जात. जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, पण विणकर राहिले, विड्या वळणाऱ्या बायका राहिल्या, मराठी-कन्नड-तेलुगू-उर्दू एकाच गल्लीत बोलणारी माणसं राहिली. १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. या चार हुतात्म्यांची नावं एका श्वासात म्हणायला इथल्या पोरांना शाळेत जावं लागत नाही.

आणि तरी पाणी चार दिवसांनी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाणी चार दिवसांनी येतं म्हणजे चौथ्या दिवशी सकाळी नळ सोडला की झालं. तसं नसतं. वेळ बदलते. कधी पहाटे चार, कधी रात्री दोन. चावीवाला कोपऱ्यावर येऊन गेला की पहिली जाग ज्या घराला येते, ते घर ओरडतं, “पाणी यायलंय!” मग एकेका घरात दिवे लागतात. पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी येतं, ते अंगणाला आणि झाडांना. मग चारपदरी फडकं बांधून प्यायचं पाणी भरायचं, घागर, कळशी, पिंप, या क्रमाने. मग हौद, मग मोटर लावून टाकी. त्यात लाईट गेली की सगळं थांबतं, आणि पाणी काही लाईटची वाट बघत नाही. उंचावरच्या घरांना धार बारीक, सखलातल्यांना जोरात. आईच्या चाळीस वर्षांच्या संसारातल्या किती रात्री अशा गेल्या असतील, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही.

भावाच्या युनिटमध्ये भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. कुठल्या बाईच्या भागात कुठल्या वारी पाणी, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि दर आठवड्याला खोडून पुन्हा लिहावं लागतं. विडी घरकुल वसाहतीतून येणारी एक बाई पाण्याच्या दिवशी हमखास दोन तास उशिरा येते. तिच्याकडे हौद नाही, तीन बॅरल आहेत. भाऊ तिची हजेरी कापत नाही. पण सगळेच मालक असे नसतात. ज्या घरात हौद आहे त्याला चौथा दिवस कळतसुद्धा नाही आणि ज्या घरात नाही त्याचा रोज बुडतो. एकाच गावात एकाच नळाची ही दोन वेगळी गणितं आहेत.

उजनी धरण सोलापूर जिल्ह्यातच आहे, हे सांगितलं की पुण्याच्या लोकांना आश्चर्य वाटतं. साठवण एकूण ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा. म्हणून मृतसाठ्याला हात लागला की इथे धरण ‘मायनस’मध्ये जातं, आणि पावसाळ्यात ‘प्लस’ झालं की लोक पेढे वाटल्यासारखं एकमेकांना सांगतात. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. धरणापासून शहर शंभर किलोमीटरहून जास्त लांब. जलवाहिनीने येतं ते येतं, बाकीचं भीमा नदीत सोडून औज बंधाऱ्यापर्यंत आणायचं. वाटेत ऊन पितं, वाळू पिते, काठच्या मोटारी पितात. दुसऱ्या जलवाहिनीची चर्चा ऐकत तर गावातली एक पिढी कर्तीसवरती झाली.

यात सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. पुण्याचं वापरून झालेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि भीमेतून उजनीत. ते शुद्ध करून सोलापूर पितं, चार दिवसांनी. त्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात बसून ज्यांनी प्रश्न विचारला, त्यांच्या मोरीतून गेलेलं पाणी काही आठवड्यांनी आईच्या घागरीत येणार होतं. त्यांना ते माहीत नसावं. माझ्याही ते तेव्हा लक्षात आलं नाही, नाहीतर बोलून गेले असते.

गावाच्या बाजूने बोलणारे बोलतात तेही खोटं नाही. पुण्यात ज्या पैशात दोन खोल्यांचं भाडं निघतं, त्यात इथे घर चालतं. युनिटपासून घर पंधरा मिनिटांवर. आजारी पडलं तर शेजारची काकू आधी येते, डॉक्टर नंतर. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा हैदराबाद, पुणे, मुंबईला गेलेली पोरं रजा काढून येतात. विडी कामगारांनी आणि इतर असंघटित कामगारांनी लढून कुंभारीला तीस हजार घरांची वसाहत मिळवली. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. असं काम करून दाखवणारं गाव नळासमोर का हरतं, हे समजत नाही.

जून २०२३ मध्ये विमानसेवेच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा घराघरात भांडणं झाली. विमान आलं की कंपन्या येतील, पोरं राहतील, असं एक बाजू म्हणे. ऊस उत्पादकाच्या पोटावर पाय का, असं दुसरी. आमच्या घरात बाबा एका बाजूला, मामा दुसऱ्या. पाण्यावर मात्र कुणी भांडत नव्हतं. मला वाटतं, हौद बांधून ज्यांनी आपली सोय केली त्यांनी हा प्रश्न सोडून दिला, आणि गावात ज्यांचा आवाज पोहोचतो ते सगळे हौदवाले आहेत. “काही कमी पडत नाही” हे आईचं वाक्य आम्ही सगळे बोलतो. ते बोलणं बंद व्हायला हवं. स्थळ बघणाऱ्यांनीही पाण्याचं जरूर विचारावं, पण नकार पाण्यामुळे असेल तर तसं तोंडावर सांगावं. पत्रिकेच्या आड लपू नये. तसं सांगितलं असतं तर निदान कुणीतरी गावाला आरसा दाखवला असता.

हे सगळं मी आईला तावातावाने सांगत होते. ती गहू निवडत होती. म्हणाली, “तुझ्या वेळी बाबांनी काय विचारलं होतं आठवतंय?”

आठवत नव्हतं. तिने सांगितलं. बारा वर्षांपूर्वी माझं पुण्यातलं स्थळ बघून आल्यावर बाबा दारातच म्हणाले होते, “रोज पाणी आहे. पोरीचे हाल होणार नाहीत.” त्यावर मी काय बोलणार? आज माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि उद्या तिच्यासाठी स्थळ बघताना मीही हाच प्रश्न विचारीन. पण त्या पुण्याच्या बाईंचा राग काही कमी झालेला नाही.

भावाचं लग्न गेल्या वर्षी झालं. मुलगी लातूरची. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते लातूर. घर बघायला आल्यावर तिच्या आईने चार दिवसांचा हिशोब ऐकला आणि म्हणाली, “मग बरंच आहे की!” सगळे हसले. मला हसू आलं नाही.

परवा रात्री भावजयीला फोन केला. डोहाळजेवणाची तारीख ठरवायची होती, पाहुण्यांची यादी निम्मी झाली होती. मागून कुणाचा तरी आवाज आला. “ताई, पाणी यायलंय, ठेवते,” ती म्हणाली. सातवा महिना लागलाय तिला. मी कळशी उचलू नकोस म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.