अर्धे तिचेच, मग कागद कशाला?

गोव्यात नवऱ्याच्या दुकानावर बायको बसते, यात नवल ते काय? आमचे भुसारी दुकान गेली बावीस वर्षे हिनेच चालवले. उधारीची वही हिला तोंडपाठ, माल पुरवणारे फोन करतात तेही हिलाच. परवान्यावर नाव मात्र माझे. साठी उलटली, मधुमेहाने डोळे अधू केले, तेव्हा दुकान हिच्या नावावर करायचे ठरवले.

शेजारी म्हणाले, "अहो, गोव्यात अर्धे बायकोचेच असते. उगाच कागद कशाला रंगवता?"

बोलणे खोटे नव्हते. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक. मुक्तीनंतरही ही रीत टिकली. म्हणजे मी जे हिला 'देणार' होतो, त्यातले निम्मे आधीच हिचे!

आयकरातही तेच. बेळगावच्या माणसाने धंदा बायकोला फुकट दिला, तर त्याचे उत्पन्न सहसा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. सामायिक मालमत्तेच्या गोवेकर जोडप्याचे धंद्याचे उत्पन्न मात्र दोघांत निम्मे निम्मे, नाव कोणाचेही असो. पगार तेवढा ज्याचा त्याचा.

मग अडते कुठे? जीएसटीपाशी. तिथली नोंदणी पॅनला बांधलेली, आणि एकट्याच्या मालकीच्या धंद्याचा पॅन म्हणजे मालकाचाच पॅन. नुसते नाव बदलून भागत नाही. हिने आपल्या पॅनवर नवी नोंदणी घेतली. मग माझी नोंदणी चालू असतानाच आयटीसी-02 हा फॉर्म भरून, सीएच्या दाखल्यासह, शिल्लक क्रेडिट हिच्याकडे वळवले. त्यानंतर माझी नोंदणी रद्द. शिवाय आधीची कराची बाकी असेल तर ती देणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर, दोघांवरही येते. म्हणून पहिल्यांदा मागचे सगळे चुकते केले. बँकेचे चालू खाते, पालिकेचा परवाना, गाळ्याचा भाडेकरार यांचे अर्ज पुन्हा वेगवेगळे.

एवढी यातायात कशासाठी? उद्या माझे काही झाले तर हिचे अर्धे कोणी काढून घेणार नाही, हे खरे. पण माझे अर्धे वारसांत, म्हणजे आधी मुलांत, वाटले जाणार. ती वाटणी होईपर्यंत माझ्या नावाच्या खात्यातून पैसे काढता येणार नाहीत, आणि तांदळाच्या व्यापाऱ्याला तर आठवड्याला पैसे हवेत. कायद्याने हिला वाटा दिला होता, चेकवर सही करायचा अधिकार दिला नव्हता. तो आता मिळाला.

तुमच्याही घरी अशी मालकीण असेल, तर लग्नाच्या नोंदणीचा दाखला काढून ठेवा, लग्नाआधी करार झाला होता का ते पाहा, आणि हातीपायी धड असतानाच सीए आणि वकील दोघांनाही गाठा. हिने तर पहिल्याच महिन्यात माझ्या दोन मित्रांची उधारी बंद केली. मला विचारलेसुद्धा नाही!