धक्के मोजून झाले, आता जमीन मोजा

२१ मार्च २०२४ ला सकाळी दहा-अकरा मिनिटांत दोन धक्के. मग १० जुलैला पुन्हा ४.५ चा. केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, पण आमचं उमरखेडही हललं. दर वेळी तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर "तुमच्याकडं जाणवला का?", चार दिवस चर्चा, मग सामसूम. पत्र्यावरचे दगड काढा, असं प्रशासनानं सांगितलं. बरोबरच आहे. पण पुढं काय?

मला वाटतं, आता विचारायला हवं की आपल्याखाली आहे तरी काय. वर काळी माती, मुरूम, मग काळा पाषाण. तो किती जाड? त्याखाली काय? तिकडं देगलूरला ग्रॅनाइट उघडा दिसतो, इकडं आपल्याच जिल्ह्यात वणीला कोळसा निघतो. शेतातलं बोअर तेवढं खोल जात नाही.

शोधायच्या दोन वाटा आहेत. जमिनीवर ठोका मारून किंवा छोटा स्फोट करून खालून परतणाऱ्या लहरी मोजायच्या. नाहीतर गुरुत्वाकर्षण मोजायचं. खाली जड खडक असला की ओढ किंचित वाढते, हलका असला की घटते. फरक दहा लाखांत एखाद्या भागाचा, तरी यंत्राला कळतो. पाषाणाच्या थरांत लहरी विखुरतात, खालचा मऊ थर लपून राहतो. म्हणून दोन्ही जोडीनं लागतात.

किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ ला जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यानंतर तिथं खोल बोअर घेतलं, तेव्हा कळलं की पाषाण जेमतेम ३३८ मीटर, खाली जुना कठीण खडक. हे शहाणपण आधी यायला नको का?

भूकंप कधी होणार हे यातून कळत नाही. कुणी तारीख सांगत असेल तर ती थाप समजा. पण भेग कुठं असू शकते, माती कुठं जाड आहे, हादरा कुठं जास्त बसेल, याचा अंदाज येतो. शाळा, दवाखाना, घरकुल कसं बांधायचं, ते त्यावर ठरवता येतं.

नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्र शिकवतात. हैदराबादला राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे. लोकसभेला तर उमरखेड हिंगोलीतच मोडतं. मग हिंगोली-नांदेडचं सर्वेक्षण करताना जिल्ह्याची हद्द आडवी का यावी? आमचा तालुका त्यात घ्या आणि अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

पुढच्या ग्रामसभेत एवढा एक ठराव मांडा. बघू, किती गावं मांडतात.