फडताळ आणि भुशाचं कपाट

लाकूड म्हणजे सागवान, बाकी सगळा भुसा, असं माझं मत होतं. ओट्याखालचं पार्टिकल बोर्डाचं कपाट मोडलं की भंगारात द्यावं, त्याच्या दुरुस्तीवर पैसे घालू नयेत, असं मी विचारणाऱ्यांना सांगत असे. आता मी तसं सांगत नाही.

त्या मताला आधार होता आमच्या खामगावच्या जुन्या घरातल्या फडताळाचा. भिंतीत बसवलेलं, सागवानी, आजेसासऱ्यांच्या काळातलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, लाकूड आकसतं, फटी पडतात. पावसाळ्यात तीच दारं फुगून चौकटीत अडकतात. वाळवी जमिनीतून भिंतीत आणि भिंतीतून लाकडात चढते. एवढं सोसून फडताळ उभं होतं, आणि नव्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार थोड्याच वर्षांत बिजागरीसकट निखळलं. मला आणखी पुरावा नको होता.

मग फडताळाचीच एक कडी तुटली म्हणून ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी सगळे डबे काढून आत बॅटरी मारली. खालच्या फळीचा रंग बाकीच्यांपेक्षा फिका होता. "हे सागाची नाई वहिनी, निंबाची हाये. आमच्या बाबांनी बसवली व्हती." मी वाकून पाहिलं. एका कोपऱ्याला लोखंडी पट्टी ठोकलेली, तीन बिजागऱ्या तीन तऱ्हेच्या, जुन्या खिळ्यांची भोकं लाकडाच्या खुंट्यांनी बुजवलेली. घरातल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. फडताळ सागाचं होतं म्हणून टिकलं हे खरंच, पण प्रत्येक पिढीनं ते मोडलं तिथे सांधलं, म्हणूनही टिकलं. बोर्डाच्या कपाटाला ही संधी मी कधी दिलीच नव्हती.

त्याच आठवड्यात निखळलेलं दार घेऊन आम्ही बसलो. बोर्डात स्क्रूची पकड गेली की त्याच भोकात जाड स्क्रू कोंबून काही होत नाही, भुसा आणखी झडतो. मिस्त्रींनी आठ मिलिमीटरच्या गिरमिटानं भोक मोठं केलं, पुसून साफ केलं, सागाच्या उरलेल्या तुकड्याची गुल्ली फेविकॉल लावून ठोकली आणि दार रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी गुल्लीच्या मध्यावर बारीक भोक पाडून स्क्रू पिळला. तो आता भुशात नाही, सागात बसलाय. हे काम घरी कुणालाही जमतं. पुढची दारं मीच केली.

सिंकखालची फळी मात्र वाचली नाही. बोर्डात पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून. सनमायकाखालचे कण फुगतात, त्यांना धरणारा डिंक सुटतो आणि वाळल्यावरही फळी पूर्ववत होत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत नळ रोज येत नाही, भरलेली भांडी ओट्याखाली ठेवावी लागतात, त्यामुळे ओल हटतच नाही. तेवढी एक फळी कापून तिथे आयएस 710 चा शिक्का असलेलं मरीन प्लाय घातलं, चारी कडांना रंगाचे दोन हात दिले आणि कपाट प्लास्टिकच्या पायांवर उचललं. आता फरशी पुसल्याचं पाणी त्याला लागत नाही.

भुशाबद्दलची माझी तुच्छताही गेली. खामगाव कापसाचं गाव. 1870 मध्ये जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून बांधावर पेटवायच्या, हे मी लहानपणापासून पाहिलं. त्याच पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं विकसित केलेलं आहे. सागाची गोष्ट वेगळी. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद-संग्रामपूरकडे तो दिसतो, पण स्वतःच्या शेतातलं झाड तोडायलाही 1964 च्या कायद्यानं परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक घराला सागवानी कपाट मिळणार नाही, मिळूही नये. बहुतेकांच्या वाट्याला बोर्डच येणार, तर तो सांधायला शिकलेलं बरं.

सगळाच बोर्ड हातानं चुरा होत असेल, किंवा वाळवी आतून पोखरत गेली असेल, तर कपाट जाऊ द्या. पण एखादं दार लोंबतंय, एखादी फळी फुगलीय म्हणून अख्खं स्वयंपाकघर उपटू नका. आधी सिंकचा पाईप कुठे झिरपतोय ते शोधा, तो बंद करा, आणि मगच गिरमिट हातात घ्या.