चौकोन, शंकरपाळी आणि आत्या

घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर घ्यावा असे काकांच्या मनाने घेतले, तेव्हा ते काम माझ्याकडे येणार हे उघड होते. डेटाबेसची रचना करणे हा माझा गेल्या वीस-बावीस वर्षांचा व्यवसाय. काकांनी १९६४ साली छापलेली प्रत माझ्या हाती दिली. खाकी कागदाचे वेष्टण, पिवळ्या पडलेल्या कडा आणि समासात तीन निरनिराळ्या अक्षरांतल्या दुरुस्त्या. "यात फक्त पुढच्या पिढ्यांची भर घालायची आहे," काका म्हणाले. "मांडणी पक्की आहे. ती बदलायचं कारण नाही."

मांडणी पक्की आहे, हे वाक्य मी कचेरीतही वारंवार ऐकले आहे, आणि ते ऐकले की मी कोरा कागद काढते. जुन्या नोंदवहीत जे आहे ते तसेच संगणकात ओतले, तर नोंदवहीतले दोषही तसेच ओतले जातात, आणि मग ते दिसेनासे होतात. म्हणून आधी आकृती काढायची. या आकृतीला आमच्या धंद्यात एंटिटी-रिलेशनशिप डायग्राम म्हणतात. मराठीत घटक-संबंध आकृती म्हणायला हरकत नाही.

तिचा इतिहास फार जुना नाही. १९७० साली एडगर कॉड या आय.बी.एम.मधल्या गणितज्ञाने असे मांडले की, सारी माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात ठेवता येते आणि तक्त्यांचे परस्परसंबंध त्यांतल्या मूल्यांवरूनच जुळवता येतात. कल्पना अत्यंत काटेकोर होती. पण तक्ते पाहून त्यांमागचे जग कसे आहे हे चटकन कळत नसे. १९७६ च्या मार्च महिन्यात पीटर चेन या तरुण प्राध्यापकाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. तक्त्यांकडे जाण्यापूर्वी आपण ज्या जगाची नोंद ठेवतो आहोत त्याचे चित्र काढावे, असे त्याचे म्हणणे. ज्या गोष्टींना स्वतंत्र अस्तित्व आहे त्या चौकोनात, त्यांच्यातले संबंध शंकरपाळ्याच्या आकारात, आणि मध्ये रेघा. रेघेच्या टोकाशी आकडा वा अक्षर: एकाशी एक, एकाशी अनेक, अनेकांशी अनेक. पुढे पाठ्यपुस्तकांतून गुणधर्मांसाठी लंबगोल रूढ झाले.

चेन मूळचे तैवानचे. आपल्या कल्पनेचे नाते त्यांनी पुढे चिनी लिपीशीही जोडले. त्या लिपीत सूर्याचे आणि चंद्राचे चिन्ह शेजारी ठेवले की 'तेजस्वी' असा अर्थ होतो. लहान चित्रांच्या संबंधातून मोठा अर्थ घडतो. १९८३ च्या एका लेखात त्यांनी इंग्रजी वाक्यरचनेवरून आकृती कशी काढावी याचे नियम दिले. सामान्यनाम म्हणजे चौकोन, सकर्मक क्रियापद म्हणजे शंकरपाळे, विशेषण हा घटकाचा गुणधर्म आणि क्रियाविशेषण हा संबंधाचा गुणधर्म. शाळेत व्याकरणाच्या तासाला ज्यांचा जीव रमला अशा माणसांना हे वाचून आनंद व्हावा. मला झाला होता.

तेव्हा काकांच्या देखत, मागल्या वर्षीच्या दिनदर्शिकेच्या पाठीवर, मी कुलवृत्तांतातल्या वाक्यांचे व्याकरण मांडू लागले. त्यातली नमुनेदार नोंद अशी: पुरुषाचे नाव, जन्मशक, वास्तव्य, व्यवसाय. पत्नीचे सासरचे नाव, कंसात माहेरचे. "यास दोन पुत्र व एक कन्या." पुत्रांना पुढे स्वतंत्र क्रमांक आणि स्वतंत्र परिच्छेद. कन्येबद्दल एकच ओळ, की ती अमुक गावच्या अमुक यांस दिली. तिच्यापाशी रेघ संपते.

ही मांडणी आकृतीत जशीच्या तशी उतरवली तेव्हा 'पुरुष' या चौकोनाची कड साधी आली आणि 'पत्नी' व 'कन्या' यांच्या चौकोनांना दुहेरी कड आली. दुहेरी कडेच्या चौकोनाला आमच्या परिभाषेत दुर्बल घटक म्हणतात. ज्याला स्वतःची ओळख नाही, दुसऱ्या कुणाच्या आधारानेच ज्याची नोंद होऊ शकते, तो दुर्बल घटक. चेन यांच्या मूळ निबंधातले त्याचे उदाहरण कर्मचाऱ्याच्या अवलंबितांचे आहे. कर्मचारी नोकरी सोडून गेला की त्याच्या बायकामुलांशी कंपनीला कर्तव्य उरत नाही. एलमास्री आणि नवाथे यांच्या १९८९ पासून निघत आलेल्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकातही तेच उदाहरण आहे, आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला मीही ते निमूटपणे घोटले होते. दुर्बल हा शब्द तेव्हा टोचला नव्हता. कंपनीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण अवलंबितांना वेगळा क्रमांक देण्याचे कंपनीला प्रयोजन नसते. माणूस मुळात दुर्बल आहे असे ही आकृती म्हणत नाही. नोंद ठेवणाऱ्याला त्याच्याशी किती कर्तव्य आहे, एवढेच ती सांगते.

पण इथे नोंद ठेवणारे आम्हीच होतो.

काकांनी दुहेरी कडांचा अर्थ विचारला. मी सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अगं, पण पुस्तक तेव्हाच्या पद्धतीनं केलेलं आहे." मी पान उलटून आत्याची ओळ त्यांच्यापुढे धरली.

आत्या काकांची थोरली बहीण. तिचे लग्न १९५९ साली झाले आणि चौदा महिन्यांत ती परत आली. का आली हे घरात कुणी बोलले नाही आणि तिनेही सांगितले नाही. पुढे तिने शिक्षिकेची नोकरी धरली आणि शेवटपर्यंत आमच्याच घरी राहिली. माझी आई आजारी असल्याने वयाच्या दुसऱ्या वर्षापासून मला आत्याने वाढवले. माझे अक्षर तिच्या वळणाचे आहे. २००६ साली ती गेली. पुस्तक छापले तेव्हा तिला परत येऊन चार वर्षे झाली होती, तरी ओळ तीच: अमुक गावच्या अमुक यांस दिली. ज्या माणसाबरोबर ती जेमतेम वर्षभर राहिली त्याचे पूर्ण नाव तिथे आहे, आणि उरलेल्या आयुष्यासाठी त्या आराखड्यात जागाच नाही.

'दिली' या क्रियापदाकडे मी बराच वेळ पाहत होते. चेन यांच्या नियमाने त्याचे शंकरपाळे होईल. पण त्याच्या दोन टोकांना कोण? एका टोकाला देणारा बाप, दुसऱ्या टोकाला घेणारा जावई. कन्या कुठल्याच टोकाला नाही. ती त्या संबंधाचा गुणधर्म झाली, जशी व्यवहाराची तारीख असते तशी.

दुसऱ्या कागदावर मी 'व्यक्ती' असा एकच चौकोन काढला, साध्या कडेचा. विवाह हा दोन व्यक्तींमधला संबंध. चेन यांच्या निबंधातही विवाहाचे उदाहरण असेच आहे, आणि विवाहाकडे कुणी संबंध म्हणून पाहील तर कुणी स्वतंत्र घटक म्हणून, हे ठरवणे रचना करणाऱ्याच्या हाती आहे, असेही त्यांनी तिथे नमूद केले आहे. मी विवाहाला चौकोन दिला. विवाहाला आरंभ असतो, कधी शेवटही असतो, आणि तो शेवट लिहायला जागा हवी. शिवाय व्यक्तीकडून विवाहाकडे जाणाऱ्या रेघेवर किमान संख्या शून्य ठेवली. विवाह नसलेली व्यक्तीही पूर्ण व्यक्ती आहे, हे आकृतीत एवढ्या एका शून्याने सांगता येते.

मग दत्तकांचा प्रश्न आला. आमच्या घराण्यात पाच दत्तके आहेत. 'प्रत्येकास एकच पिता' हा नियम रेघेवर लिहिला की ही पाच माणसे आकृतीबाहेर पडतात, कारण त्यांना जनक पिता वेगळा आणि दत्तक पिता वेगळा. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. त्याच कायद्याप्रमाणे दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मघराण्याशी असलेले संबंध तुटतात. मात्र जन्मघराण्यात ज्यांच्याशी त्याचा विवाह होऊ शकला नसता, त्यांच्याशी तो दत्तकानंतरही होऊ शकत नाही. म्हणजे जुनी रेघ पुसायची, पण त्या एका प्रश्नापुरती जपूनही ठेवायची. आमच्या आकृतीत ती पुसावीच लागत नाही. एकाऐवजी अनेक पालक, आणि प्रत्येक रेघेवर नात्याचा प्रकार.

इथवर काकांची हरकत नव्हती. दत्तकांची गुंतागुंत सुटलेली पाहून ते खूषच झाले. प्रश्न उरला तो आत्याचा आणि माझा. ती माझी जन्मदाती नव्हे, दत्तक माताही नव्हे. तिच्या-माझ्या मध्ये कुठले शंकरपाळे काढायचे?

अशा वेळी भाषेला विचारावे. मराठीत 'असणे' नाना प्रकारे बोलले जाते. मला भाऊ आहे. माझ्याकडे पुस्तक आहे. घराला दोन दारे आहेत. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद चालते, आणि इंग्रजीत शिकलेले आम्ही लोक आकृतीतही तिन्ही ठिकाणी तोच एक शब्द लिहून मोकळे होतो. मराठी मात्र फरक करते. 'माझ्याकडे भाऊ आहे' असे म्हटले तर अर्थ पालटतो. भाऊ सध्या माझ्या घरी राहायला आहे, असा तो अर्थ होतो. नाते 'ला'ने सांगायचे आणि सोबत 'कडे'ने. कुलवृत्तांत सारा 'यास'ने लिहिलेला आहे: यास दोन पुत्र, यास एक कन्या. आत्याबद्दल घरात एकच वाक्य बोलले जाई, "ती आमच्याकडे असते." शेजारी विचारत तेव्हाही हेच उत्तर. त्या 'कडे'साठी पुस्तकात रकाना नव्हता, आणि माझ्या दुसऱ्या आकृतीतही नव्हता.

मी 'व्यक्ती' आणि 'व्यक्ती' यांच्यामध्ये एक नवे शंकरपाळे काढले आणि त्यात 'सांभाळ' असे लिहिले. अनेकांशी अनेक. गुणधर्म दोन: केव्हापासून, केव्हापर्यंत.

काका म्हणाले, "कुलवृत्तांतात हे असलं काही नसतं."

"नसतं, हे खरं," मी म्हटले. "पण तुम्ही नव्या पिढ्यांची भर घालायला सांगितलीत. मला कुणी वाढवलं हे लिहिल्याशिवाय माझी नोंद कशी पुरी होईल? आणि ते राहू द्या. जुन्या पद्धतीनं माझीही एकच ओळ होईल, काका. माझ्या मुली तुमच्या पुस्तकात कधी यायच्याच नाहीत."

यावर ते काही बोलले नाहीत. मांडणी म्हणजे निसर्गनियम नव्हे, हे शासनदरबारीही दिसते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख म्हणून घरातली अठरा वर्षांवरची ज्येष्ठ स्त्री ठरवली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम आला. दोन्ही निर्णय कुणाच्या तरी आकृतीत एखादी रेघ हलवून अमलात येतात. रेघ हलली म्हणजे घर बदलले असे नव्हे, एवढे मलाही कळते. पण जे लिहायला जागाच नसते ते दोन पिढ्यांनी कुणाला आठवतही नाही.

आठवड्याने काकांचा फोन आला. आपल्याला 'सांभाळ'मध्ये एक नोंद करायची आहे, म्हणाले. त्यांच्या लहानपणी घरात एक विधवा चुलती होती. काकांना आणि आत्यालाही तिनेच न्हाऊमाखू घातले, भरवले, निजवले. सगळे तिला माई म्हणत. पुस्तकात तिच्या नवऱ्यापुढे 'पत्नी १, संतती नाही' एवढेच आहे. "नाव काय होतं, ते आठवेना," काका म्हणाले. "कुणाला विचारू? कुणी उरलं नाही. नावाशिवाय घेता येईल का तुझ्या त्या चौकोनात?"

घेता येते. त्यासाठीच प्रत्येक व्यक्तीला क्रमांक दिलेला असतो, नावावर तिची ओळख अवलंबून राहू नये म्हणून. रिकाम्या रकान्याचे अर्थही वेगवेगळे असतात. लागूच नाही म्हणून रिकामा एक, आणि आहे पण आपल्याला ठाऊक नाही म्हणून रिकामा दुसरा. कॉड यांनी उत्तरायुष्यात या दोहोंसाठी दोन वेगळ्या खुणा असाव्यात असा आग्रह धरला होता. तो व्यवहारात फारसा रुळला नाही. आमच्या डेटाबेसमध्ये मी तो पाळला.

त्या संध्याकाळी काकांसमोर बसून मी ती नोंद भरली. क्रमांक ४१७. नाव: होते, ज्ञात नाही. संबोधन: माई. मग सांभाळाच्या तक्त्यात दोन ओळी, काकांची आणि आत्याची. त्यांच्या खाली तिसरी, आत्याची आणि माझी.