मानेगावचा अशनी

विज्ञानकथांतल्या अवकाशयानांना गाठणारे खडकांचे वादळ बहुतांशी कल्पनेतले आहे, कारण मंगळ आणि गुरू यांच्यामधला लघुग्रहांचा पट्टा इतका विरळ आहे की १९७२ साली निघालेले पायोनियर-१० त्यातून सुखरूप पार झाले. खरे भय असते ते वाळूच्या कणाएवढ्या धुळीचे. सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने आलेला कण धातूला भोक पाडतो, म्हणून यानाच्या भिंतीपुढे थोडे अंतर सोडून पातळ पत्रा बसवतात, ज्यावर आदळून कणाचा चुरा होतो आणि त्याचा मारा विखुरतो.

खानदेशातल्या माणसाला हा विषय पुस्तकाआधी भेटतो. उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, झोपणाऱ्या मुलाला तारा तुटला एवढेच कळते. पुढे शाळेत समजते की ती वातावरणात शिरून पेटलेली उल्का असते आणि जळून उरलेला जो दगड जमिनीवर पोचतो त्याला अशनी म्हणतात. असा एक अशनी आपल्याच जिल्ह्यात पडला होता, हे मात्र त्याला पन्नाशी उलटली तरी बहुधा कोणी सांगत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

२९ जून १८४३ रोजी जुन्या एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या परिसरात, मानेगावी तो पडला. तो डायोजेनाइट जातीचा आहे: बाहेर जळकी काळी साल, आत पायरॉक्सीन या खनिजाचे ठिसूळ, फिकट हिरवट-पिवळसर दाणे. एखाद्या लघुग्रहाच्या पोटातला वितळलेला खडक सावकाश निवून असे दाणे बनतात, आणि या जातीचे दगड सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाच्या वेस्टा या लघुग्रहावरून आले असे मानले जाते; २०११-१२ मध्ये वेस्टाभोवती फिरलेल्या डॉन यानाच्या निरीक्षणांनी त्या मताला बळकटी दिली. धुळ्याजवळच्या लळिंगचा काळा कातळही लाव्हा निवूनच झाला, पण त्याचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, तर वेस्टावरचे खडक साडेचारशे कोटींच्या घरातले. ज्या दगडाने यान फुटले असते त्यानेच सूर्यमालेचे बालपण तापीकाठी आणून ठेवले.

त्या दगडाचा फारच थोडा अंश आज जगातल्या संग्रहालयांत उरला आहे. म्हणून कोणा शेतकऱ्याला डोळ्यांदेखत पडलेला काळ्या सालीचा दगड शेतात सापडलाच, तर त्याने तो फोडू नये, वाटूनही टाकू नये, तहसील कचेरीमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे.