दोन लाख चौऱ्याऐंशी हजार

अब्बांच्या चाळिसाव्यानंतर घरात गाडीचा विषय निघाला. दारात उभी राहून तिच्यावर धूळ बसत होती, बॅटरी उतरत होती. आमच्या शाळामास्तरच्या पगारात घरकर्जाचा हप्ता आणि गाडीचा विमा एकाच महिन्यात येतात, तेव्हा काय होते ते नोकरदार वाचकांना सांगायला नको. विकायचे ठरले. पण किती रुपयांना?

अब्बा एस.टी.त ड्रायव्हर होते. निवृत्तीच्या पैशातून जून २०१२ मध्ये त्यांनी ही डिझेल गाडी घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही; फुकट जाहिरात कशाला, आणि बदनामी तरी कशाला! मीटरवर आकडा होता २,८४,६१०. आमची जामनेरची रोजची ये-जा त्यात आहे. पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, म्हणजे आमची पी.जे., २०२०च्या लॉकडाऊनमध्ये थांबली, तेव्हापासून मोहल्ल्यातले पाहुणे, परीक्षेची पोरे, बाळंतिणी, सगळ्यांनाच ही गाडी आठवू लागली. बुऱ्हाणपूरच्या लग्नांचे आणि मयतींचे किलोमीटर वेगळेच. आणि शेवटची तीन वर्षे अब्बांचे डायलिसिस. आठवड्यातून तीन वेळा जळगाव, जाऊन-येऊन ऐंशीच्या वर. म्हणजे आठवड्याला अडीचशे आणि वर्षाला बारा-तेरा हजार.

पहिल्यांदा ओळखीचा एक एजंट येऊन गेला. त्याने चावी फिरवून मीटर पाहिले आणि हसला. "काय भो सर, एवढे किलोमीटर कोणी दाखवतं का? हजार-दीड हजारात नव्वद हजारावर आणून देतो. सव्वादोनला कुठंही जाईल. आहे तशी विकाल तर दीडच्या वर एक रुपया मिळायचा नाही."

पाऊण लाखाचा फरक! आम्ही नाही म्हटले, पण त्या रात्री झोप आली नाही, हेही खरे. त्याचे पुढचे बोलणे जास्त खटकले होते. तो म्हणाला, "तुम्ही खरा आकडा सांगाल, आणि घेणारा म्हणेल, मास्तरनं एवढा दाखवलाय म्हणजे चार लाख पळाली असेल." मीटर फिरवलेलेच असणार, असे धरून बाजार भाव लावतो. खरे बोलणाऱ्याच्या गाडीतूनही खोट्याचे पैसे आधीच कापलेले असतात. अब्बा असते तर एजंटला चहा पाजून वाटेला लावले असते. आम्ही मात्र वही घेऊन हिशेबाला बसलो. गणित शिकवतो, म्हणजे भाव काढता यायला हवा, असा आमचा भ्रम होता.

विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा तक्ता आम्हाला माहीत होता. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, मग वीस, तीस, चाळीस आणि पाचव्या वर्षापर्यंत पन्नास. त्यापुढे कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवावे. म्हणजे बारा वर्षांच्या गाडीपाशी आला की तक्ता हात झटकून मोकळा होतो. शिवाय त्यात वर्षे आहेत, किलोमीटर नाहीतच.

आणि किलोमीटर सगळे सारखे असतात का? जळगाव-औरंगाबाद रस्त्याचे रुंदीकरण काही वर्षे रेंगाळले. त्या काळात पहूर ते फर्दापूर ज्याने गाडी चालवली असेल त्यालाच कळेल, की तिथला एक किलोमीटर चांगल्या हमरस्त्यावरच्या दहाच्या बरोबरीचा होता. उलट डायलिसिसचे किलोमीटर सौम्य. पेशंट घेऊन जाताना कोण खड्ड्यात घालतो?

शेवटी आम्ही किलोमीटरला भाव लावायचा नाद सोडला. आमच्याच वर्षाच्या, लाखभर पळालेल्या गाड्या जळगावात कितीला सुटल्या ते चार ठिकाणी विचारले. सांगितलेला भाव नाही, सुटलेला भाव. तो दोन पस्तीसच्या आसपास निघाला. त्यातून घेणाऱ्याला लगेच करावा लागणारा खर्च वजा केला. चार टायर सोळा हजार, क्लच चौदा, सस्पेन्शन दहा. इंजिन एवढे पळाले त्याची जोखीम म्हणून वीस. उरले एक पंचाहत्तर. पंधरा वर्षांची नोंदणी जून २०२७ला संपणार, आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झालेली. पण तो खर्च लाखभर पळालेल्या गाड्यांनाही होताच, म्हणून पुन्हा कापला नाही.

दोन गोष्टी हिशेबात बसल्या नाहीत. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्लीत बंदी घालणारा हरित लवादाचा २०१५चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरला. तेव्हापासून दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाड्या इकडे दिसू लागल्या, आणि एजंट लोक त्यांचेच भाव तोंडावर फेकतात. दुसरीकडे मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बनवणेच बंद केले, म्हणून खेड्यात जुन्या डिझेलला मागणी टिकून आहे. एक भाव खाली ओढते, दुसरी वर. आम्ही दोन्ही सोडून दिल्या. घासाघिशीसाठी दहा हजार चढवून एक पंच्याऐंशी सांगायचे ठरवले. ते दहा हजार खोटे की खरे, यावर स्टाफरूममध्ये बराच वाद झाला. आमचे मत असे, की दोघांनाही ठाऊक असलेली चढती किंमत हे खोटे नव्हे. मीटर फिरवणे हे खोटे, कारण ते एकालाच ठाऊक असते.

शेंदुर्णीकडचे एक शेतकरी पाहायला आले. मुलगी बाळंतपणाला येणार होती, रात्री-अपरात्री जळगाव गाठता यावे म्हणून त्यांना गाडी हवी होती. सोबत मेकॅनिक. त्याने ऑइलचे झाकण काढून धूर पाहिला, बॅक कॉम्प्रेशन नाही म्हणाला. पेडलचे रबर पाहिले. मग मीटर पाहून दोघे एकमेकांकडे बघू लागले. एजंट म्हणाला होता तेच होणार, असे दिसले. म्हणून आम्ही अब्बांची वही आणली.

एस.टी.ची सवय, अब्बा प्रत्येक लिटर डिझेल आणि प्रत्येक नट लिहून ठेवत. आकडे इंग्रजी, मजकूर उर्दू. शेतकरी भाऊंना आकडे कळत होते, अक्षरे कळत नव्हती. आम्ही वाचून मराठीत सांगत होतो. पाने उलटता उलटता त्यांनी बोट ठेवले, "सर, हे चौदा हजार दोनशे कशाचे?"

मे २०१९. अजिंठ्याच्या घाटात पाण्याचा पाइप फुटला, गाडी तापली, हेड खोलून गॅस्केट बदलावे लागले. त्यानंतर पाच वर्षे काही तक्रार नव्हती. पण "हेड खोललंय" हे दोन शब्द जुन्या गाडीच्या सौद्यात काय करतात ते आम्हाला माहीत होते. समोरच्या दोघांपैकी एकालाही उर्दू येत नव्हती. 'टायर' हा शब्द आमच्या ओठांवर आला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण आला होता.

१९३०चा मालविक्रीचा कायदा मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यालाच म्हणतो, बघून घे. आपल्या फिकहमध्ये उलट आहे. ऐब सांगायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि लपवली तर घेणाऱ्याला माल परत करायचा हक्क, खियार-ए-ऐब. प्रेषितांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, ती गोष्ट आम्ही दरवर्षी पाचवीच्या मुलांना सांगतो. पण तेव्हा यातले काहीच आठवले नाही. अम्मी पडद्यामागून म्हणाली, "पढ ना बेटा. उस दिन मैं भी गाडी में थी."

आम्ही वाचले.

मेकॅनिकने पुन्हा बॉनेट उघडले. अर्धा तास इंजिन चालू ठेवून पाण्याची टाकी तपासली. मग दोघे बाहेर लिंबाखाली जाऊन बोलून आले. भाऊ म्हणाले, "एक पन्नास." आम्ही वरचे दहा केव्हाच सोडले होते. एक सहासष्टवर सौदा तुटला. आमच्या हिशेबापेक्षा नऊ हजार कमी. पण एजंटच्या दीड लाखापेक्षा सोळा हजार जास्त, आणि मीटर आहे तिथेच. विसाराचे अकरा हजार देताना भाऊ म्हणाले, "सर, ती वही पण गाडीबरोबर द्या."

"तुम्हाला वाचता कुठं येते?"

"मग मराठीत करून द्या की. मास्तर आहात."

वही देणे आम्हाला शक्य नव्हते. टी.टी. फॉर्मवर सह्या व्हायला आठ दिवस होते. शंभर पानी वही आणली आणि रोज रात्री उतरवायला बसलो. ऑइल, फिल्टर, क्लच, घाटातली गाडी, सगळे लिहिले. शेवटची तीन वर्षे आली. तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा होती. तारीख, जळगाव, ८२. तारीख, जळगाव, ८२. कशासाठी, ते अब्बांनी एकदाही लिहिलेले नाही. शेवटच्या सव्वीस ओळी आमच्या अक्षरातल्या, कारण तोवर त्यांचा हात थरथरू लागला होता. घेणाऱ्याला या ओळींचा काही उपयोग नव्हता. एका वाक्यात 'दर आठवड्याला तीनदा जळगाव' म्हटले असते तरी चालले असते.

तीन रात्री लागल्या. एकही ओळ गाळली नाही.